कच्चं मटण आणि स्टेक घरी कसं ठेवायचं, बिघडलेलं कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत मार्चपासून पारा ३२ अंशांच्या वर जायला लागतो आणि पावसाळ्यात हवा दमट राहते. त्यात घराघरात रविवारी मटण, बुधवारी-शुक्रवारी मासे, आणि गटारीच्या आधी फ्रीझर भरून खरेदी. पुढचे प्रश्न त्या रोजच्या व्यवहारातले आहेत. उत्तरं मुख्यतः बोकडाच्या मटणाबद्दल आहेत. स्टेक, चाप, खिमा आणि कलेजीला जिथे वेगळा नियम लागतो, तिथे तसं लिहिलं आहे.

दुकानातून घरी आणेपर्यंत किती वेळ चालतो?

मटण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेपर्यंत त्यावरचे जिवाणू झपाट्याने वाढतात. अंगाच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून नियम असा: फ्रिजबाहेरचा सगळा वेळ मिळून दोन तासांच्या आत ठेवायचा, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर एका तासाच्या आत. आपल्याकडे उन्हाळ्यात एक तासाचाच नियम धरा.

वेळ कुठे जातो ते बघा. आठ वाजता मटण घेतलं, मग मंडईत भाजी, मग नाश्त्याचं पार्सल, मग गाडी काढताना कुणीतरी भेटलं. दीड तास असाच गेला. मटण सगळ्यात शेवटी घ्यायचं, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत ठेवू नका. इंजिनाच्या उष्णतेने ती आतून तापते. आतून चंदेरी अस्तर असलेली जाड पिशवी आणि फ्रीझरमधून निघताना घेतलेली बर्फाची बाटली, एवढ्यावर वाशीहून ठाण्यापर्यंतचा लोकलचा प्रवासही निभावतो.

दुकानात उघड्यावर टांगलेल्या मटणाचं घड्याळ आपण पोहोचण्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून 'कधी कापलं?' हे मटणवाल्याला सरळ विचारावं. सकाळी सातला कापलेलं नऊला घेणं आणि तेच दुपारी एकला घेणं, यात घरी मिळणाऱ्या मुदतीचा मोठा फरक पडतो.

फ्रिजमध्ये नेमकं कुठे ठेवायचं?

आधी फ्रिज खरंच थंड आहे का ते तपासा. आत ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. बटणावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे, तो फक्त कमी-जास्त सांगतो. फ्रिजचा छोटा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात तो बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. सात-आठ अंश दिसले तर मटण लवकर का बिघडतं याचं उत्तर तिथेच मिळालं. मे महिन्यात बटण एक घर पुढे करावं लागतं, तेही बरेच जण विसरतात.

सिंगल डोअर फ्रिज असेल तर फ्रीझरच्या लगेच खालचा चिलर ट्रे सगळ्यात थंड असतो. मटण तिथेच ठेवा, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण त्याच्या खाली बाकीचं सगळं असतं. डबल डोअरमध्ये भाजीच्या खणावरचा तळाचा कप्पा घ्या. दाराच्या कप्प्यात कधीच नको, दर वेळी दार उघडलं की गरम हवा पहिल्यांदा तिथे लागते. कच्चं मटण नेहमी दूध, दही, कोशिंबीर, मळलेली कणीक यांच्या खालच्या पातळीवर हवं. चिलर ट्रेमुळे ते वर ठेवावंच लागलं तर डबा गळत नाही याची खात्री करा.

डब्यात एक छोटी गोष्ट करा. तळाशी एक उथळ ताटली पालथी घाला आणि मटण तिच्यावर ठेवा. सुटणारं पाणी कडेने खाली जमतं आणि तुकडे त्यात बुडून राहत नाहीत. मटण सगळ्यात आधी बिघडतं ते त्या पाण्यात.

दुकानातली पातळ प्लास्टिक पिशवी किंवा वर्तमानपत्र घरी आल्यावर लगेच काढून टाका. छपाईची शाई अन्नात उतरते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असं एफएसएसएआयनेही, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही, बजावलेलं आहे.

किती दिवस टिकतं?

बाहेरच्या देशांतल्या तक्त्यांत स्टेक आणि चापांसाठी तीन ते पाच दिवस दिलेले असतात. ते आकडे कत्तलखान्यापासून दुकानापर्यंत सतत थंड राहिलेल्या मांसाचे आहेत. हवेवर टांगलेल्या मटणाला ते लावू नका. आपल्यासाठी हिशेब असा:

तुकड्यांचं मटण आणि चाप: ४ अंशांत दोन दिवस.
खिमा: एक दिवस. दळताना वरचे जिवाणू आतपर्यंत मिसळतात आणि हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो.
कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी: त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.
चिकन: एक ते दोन दिवस.
थंड साखळीतून आलेला, सीलबंद स्टेक: पाकिटावरच्या तारखेपर्यंत. फोडल्यावर दोन ते तीन दिवस.

यापेक्षा जास्त ठेवायचं असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझर ठरवा. तिसऱ्या दिवशी 'आता टाकू या फ्रीझरमध्ये' म्हणण्यात अर्थ नसतो. फ्रीझर जिवाणूंना मारत नाही, फक्त थांबवतो. ज्या अवस्थेत मटण आत गेलं, त्याच अवस्थेत बाहेर येतं.

आणल्यावर धुवून ठेवायचं की तसंच?

तसंच. ही सवय मोडायला सगळ्यात जड जाते. पाण्याने जिवाणू निघून जात नाहीत. ते नळाच्या धारेबरोबर ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि भांड्यांच्या जाळीवर उडतात. वर तुकडे ओले राहतात, आणि ओला पृष्ठभाग जिवाणूंना हवाच असतो. ठेवण्याआधी हाडाचा चुरा स्वच्छ टिश्यूने टिपून घ्या आणि मटण कोरडं करा.

शिजवण्याआधी धुतल्याशिवाय मनाला पटत नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने खळबळा. नळ सोडून धुऊ नका. नंतर सिंक, नळाची मूठ आणि ओटा साबणाने धुवा. नळाची मूठ हमखास राहून जाते.

सकाळीच कापलेलं ताजं मटण फ्रीझरमध्ये टाकलं, तर नंतर वातड का झालं?

कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मांसातली स्वतःची पाचकद्रव्यं त्यांना पुन्हा सैल करतात. आखडण्याआधीच मटण गोठवलं तर ती क्रिया अर्धवट अडकते. मग वितळताना स्नायू एकदम जोराने आकसतात, भरपूर पाणी सुटतं आणि कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही तुकडा चावला जात नाही. आपण दोष बोकडाच्या वयाला देतो.

उपाय सोपा आहे. मटण लगेच शिजवा, किंवा एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गोठवा. आधीच गोठवून झालं असेल तर फ्रिजमध्येच पूर्ण दिवसभर सावकाश वितळू द्या.

फ्रीझरमध्ये कसं आणि किती दिवस?

एका वेळच्या भाजीपुरतं पाकीट करा. चार माणसांच्या घरात अर्धा किलो पुरतं. जाड झिपच्या पिशवीत तुकडे एका थरात पसरा, जाडी दोन-तीन सेंटीमीटरच्या वर नको. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि लवकर वितळतं. सावकाश गोठलेल्या मांसात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळल्यावर रस ताटलीत जातो.

हवा काढायला यंत्र लागत नाही. झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक मटणाला चिकटत वर येतं. पाणी झिपच्या खाली असतानाच बंद करा. मार्करने तारीख आणि भाग लिहा: 'मांडी', 'सीना', 'चाप', 'नळ्या'. गोठल्यावर सगळी पाकिटं सारखीच दिसतात.

एका वेळी किती टाकायचं यालाही मर्यादा आहे. ५० लिटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवशी दीड ते दोन किलोपेक्षा जास्त नवं मटण घालू नका. गटारीच्या रविवारी पाच किलो एकदम कोंबलं तर मधलं पाकीट दुसऱ्या दिवसापर्यंत मऊच राहतं आणि आधीची गोठलेलीही सैल पडतात.

मुदत फ्रीझरच्या ताकदीवर ठरते. कप्प्यावर ताऱ्यांची खूण असेल तर ती बघा (वीजबचतीचे तारे वेगळे). एक तारा म्हणजे उणे ६ अंश, तिथे आठवडाभर. दोन तारे उणे १२, साधारण महिना. तीन तारे उणे १८, तिथे तुकडे आणि चाप चार ते सहा महिने चांगले राहतात, स्टेक त्याहूनही जास्त, खिमा आणि कलेजी मात्र तीन महिन्यांत संपवा. उणे १८ अंशांत मटण धोकादायक होत नाही, पण चव आणि पोत जातात. चरबी गोठलेली असली तरी हवेने हळूहळू खवट होते, त्यामुळे चरबीचे तुकडे आधी वापरा.

हळद-मीठ लावून ठेवलं की जास्त टिकतं ना?

नाही. चवीपुरतं मीठ आणि चमचाभर हळद यांनी मटण टिकत नाही. त्यासाठी लागणारं मीठ इतकं असतं की ते खाता येणार नाही. हळद-मीठ चवीसाठी लावा, मुदत वाढली असं धरू नका.

दही आणि लिंबू लावलेलं मटण फ्रिजमध्ये एक दिवस ठेवता येतं. पण दह्याचा आंबूसपणा आणि आलं-लसणाचा वास बिघाडाचा वास पूर्ण झाकतो. म्हणून मसाला लावण्याआधी मटण तपासा, नंतर कळणार नाही.

कच्ची पपई लावून रात्रभर ठेवलेल्या मटणाचा वरचा थर लिबलिबीत होतो. तो पपईतल्या पापेनचा परिणाम आहे, मटण बिघडलेलं नसतं. तुकड्यांना दोन तास पुरेत, आणि किलोला एक मोठा चमचा कीस भरपूर झाला.

रंग तपकिरी झाला आहे. टाकून द्यायचं का?

फक्त रंगावरून नाही. मांसाचा रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे असतो. हवा लागली नाही तर तो जांभळट, हवा लागली की चमकदार लाल, आणि बरेच तास हवेत राहिला की तपकिरी. म्हणून ढिगातला वरचा तुकडा लाल आणि दोन तुकड्यांच्या सांध्यातला भाग तपकिरी दिसतो. पाकिटातलं लाल पाणीही रक्त नसतं, ते मायोग्लोबिन मिसळलेलं पाणी आहे.

आडव्या कापलेल्या स्टेकवर कधी कधी इंद्रधनुष्यासारखी हिरवट झाक दिसते. तुकडा तिरका केला की ती हलते. तो स्नायूंच्या धाग्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. तिरका करूनही जागचा न हलणारा हिरवा, राखाडी-हिरवा किंवा लव असलेला डाग मात्र बिघाडाचा.

फ्रीझरमधल्या तुकड्यावर पांढरे-राखाडी कोरडे चट्टे दिसले तर तिथून बर्फ उडून गेला आहे. खायला धोका नाही, पण ती जागा चामड्यासारखी लागते. कापून टाका.

मग खराब झालेलं नक्की कसं ओळखायचं?

नाक, बोट आणि डोळे, याच क्रमाने. आणि त्या तिघांच्या आधी तारीख.

वास थंड मटणाचा घेऊ नका, थंडीत वास दबलेला असतो. एक तुकडा ताटलीत काढा आणि पाच मिनिटं थांबा. ताज्या मटणाला हलका, किंचित लोखंडासारखा वास असतो. मोठ्या वयाच्या बोकडाचा उग्र वासही ताज्या मटणाचाच, तो चरबीतून येतो आणि घेतल्या दिवसापासून असतो. बिघडलेल्याचा वास वेगळा असतो: आधी गोडसर-आंबूस, जणू दूध नासायला लागलं आहे. पुढे कुबट, मग सडक्या अंड्यासारखा किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा. हाडाजवळ नाक न्या. नळीभोवतीचा भाग सगळ्यात उशिरा थंड होतो आणि बिघाड बऱ्याचदा तिथून सुरू होतो.

मग बोट. तुकड्यावर अंगठा आणि तर्जनी टेकवा, चिमूट घासा आणि हळूच बोटं वेगळी करा. ताजं मटण ओलसर असतं, बोटं स्वच्छ सुटतात. बिघडायला लागलेलं बुळबुळीत लागतं, बोटांच्या मध्ये तार सुटते, आणि बोटं पाण्याखाली धरली तरी तो थर लगेच जात नाही. तो जिवाणूंचा थर आहे. एक ग्रॅम मांसावर साधारण एक कोटी जिवाणू झाले की वास कळतो, दहा कोटींच्या आसपास तार सुटते. म्हणजे तार सुटेपर्यंत मटण खाण्यायोग्य राहण्याचा टप्पा केव्हाच मागे पडलेला असतो.

तुकडा दाबूनही बघा. ताजा पुन्हा वर येतो. बिघडलेल्यात खड्डा तसाच राहतो आणि धागे सुटे होतात. सीलबंद पाकीट न फोडताच फुगलं असेल तर आत वायू तयार झाला आहे. वास घेत बसू नका, टाकून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वास आणि बुळबुळीतपणा ज्यांच्यामुळे येतो ते जिवाणू मटण नासवतात. माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला, ई-कोलाय हे बहुधा वेगळेच असतात, आणि त्यांना वास नाही, रंग नाही, चिकटपणा नाही. चार तास ओट्यावर राहिलेल्या मटणाला कसलाही वास नसेल आणि तरीही ते खाणं धोक्याचं असेल. म्हणून नाकाने 'नाही' म्हटलं तर ते पक्कं समजा, पण नाकाने 'हो' म्हटलं तर तारीख आणि तास मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

थोडासाच वास येतोय. व्हिनेगरने धुवून चार शिट्ट्या जास्त दिल्या तर?

नको. कुकरमध्ये जिवाणू मरतात, पण काहींनी आधीच तयार केलेलं विष तसंच राहतं. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जिवाणूचं विष उकळूनही जात नाही. व्हिनेगर आणि लिंबू वास उडवतात, म्हणजे इशारा तेवढा पुसून टाकतात. एवढं महागाचं मटण टाकताना जीव तुटतो, ते समजण्यासारखं आहे. पण घरात लहान मूल, गरोदर बाई, साठी-सत्तरीचं माणूस किंवा मधुमेही असेल तर त्यांना हा आजार सगळ्यात जड जातो.

व्हॅक्यूम पॅक फोडल्यावर आंबूस वास आला. परत करू का?

आधी अर्धा तास थांबा. हवाबंद पाकिटात वायू कोंडून राहतात, त्यामुळे फोडताना एक आंबूस भपका येतो आणि मांस जांभळट दिसतं. ताटलीत उघडं करून फ्रिजमध्ये १५ ते ३० मिनिटं ठेवा. वास गेला आणि रंग लालसर झाला तर मांस ठीक आहे. वास राहिला किंवा तार सुटली तर परत करा. फोटो काढताना तारीख, बॅच क्रमांक आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक दिसेल असा काढा. घरपोच आलेलं पाकीट दारातच हाताला थंड लागतंय का ते बघा. कोमट असेल तर तिथेच परत द्या.

स्टेक आपल्याकडे कसला मिळतो, आणि तो मधून गुलाबी ठेवला तर चालतो का?

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. ती म्हशीच्या मांसाला लागू नाही. इथे बीफ स्टेक म्हणून जो मिळतो तो म्हशीचा, बहुतेक अंडरकटचा (कण्याखालच्या मऊ मांसाचा). याशिवाय बोकडाच्या मांडीचे जाड काप आणि पोर्कचे चाप.

अखंड तुकड्यात जिवाणू बाहेरच्या बाजूला असतात, आतला भाग जवळजवळ स्वच्छ असतो. तव्यावर सगळ्या बाजू चांगल्या भाजल्या आणि मध्ये ६३ अंश गाठून तीन मिनिटं मुरू दिलं, तर तो अखंड स्टेक सुरक्षित मानला जातो. पण दुकानात टोचून किंवा ठोकून मऊ केलेल्या तुकड्यात वरचे जिवाणू आत ढकलले जातात. तो पूर्ण शिजवा. खिमा ७१ अंश, चिकन ७४ अंश. उघड्यावर टांगलेल्या मांसाचा स्टेक मधून गुलाबी ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लाइट गेली तर?

दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. गच्च भरलेला डीप फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. सिंगल डोअरमधला वरचा छोटा कप्पा याहून बराच लवकर सैल पडतो. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो, घरातला फ्रिज बहुधा नाही. वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आला की आदल्या रात्री दोन-तीन बाटल्या पाणी गोठवून मटणाच्या शेजारी ठेवा.

लाइट आल्यावर पाकीट चाचपा. आत बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवता येईल. पूर्ण मऊ पण फ्रिजइतकं थंड असेल तर त्याच दिवशी शिजवा. कोमट असेल तर टाका.

गणपतीला आठवडाभर कोकणात जाणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवा, वर पाच रुपयांचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, आणि तिथलं मटण वापरू नका.

वितळवायची योग्य पद्धत कोणती? उरलं तर पुन्हा गोठवू का?

फ्रिजमध्ये, ताटलीत, आदल्या रात्री. अर्धा किलोचं चपटं पाकीट सकाळपर्यंत तयार असतं. घाई असेल तर बंद पिशवीसकट गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलोला सुमारे तास लागतो. सिंकमध्ये नुसतं ठेवून ऑफिसला जाणं किंवा गरम पाण्यात टाकणं टाळा. आत बर्फ असतानाच वरचा थर तासन्‌तास धोक्याच्या तापमानात राहतो.

फ्रिजमध्ये वितळलेलं मटण पुन्हा गोठवता येतं, फक्त रस आणि पोत कमी होतो. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेलं आधी शिजवा, मग हवं तर रस्सा गोठवा.

मासळीला हेच नियम?

त्याहून कडक. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातून आणलेली मासळी बर्फावर आणा आणि एका दिवसात संपवा. सुरमई, बांगडा, कुपा यांच्यात गरम राहिल्यावर हिस्टामिन तयार होतं. ते तळूनही जात नाही आणि वासही येत नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकेदुखी असं झालं तर ॲलर्जी म्हणून सोडून न देता डॉक्टरांना माशाचं नाव सांगा.

चुकून खाल्लं गेलं. आता?

घाबरून उलटी काढू नका. पाणी आणि ओआरएस थोडं थोडं, सारखं घ्या. विषामुळे होणाऱ्या उलट्या अर्ध्या तासापासून आठ तासांत सुरू होतात. साल्मोनेलाचा त्रास सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. जुलाबात रक्त, १०२ च्या वर ताप, पाणीही न टिकणं, लघवी फार कमी होणं, किंवा तीन दिवसांहून जास्त जुलाब, यातलं काहीही असेल तर दवाखाना गाठा. बाळ, गरोदर बाई आणि वृद्ध यांच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नका.

खराब झालेलं मटण कसं टाकायचं?

मटण कागदात बांधून घट्ट डब्यात घाला आणि घंटागाडी येईपर्यंत फ्रीझरच्या एका कोपऱ्यात ठेवा. म्हणजे घरात वास नाही, जिन्यात मांजरं नाहीत. सकाळी ओल्या कचऱ्यात द्या. बाहेरच्या कुत्र्या-मांजरांना घालू नका, त्यांनाही बाधतं. ज्या डब्यात मटण होतं तो गरम पाणी आणि साबणाने धुवा, झाकणाची रबरी कड काढून वेगळी घासा आणि उन्हात पूर्ण वाळवा. नवं मटण त्याच डब्यात जाणार असतं.